तालमीतला लेप, दुर्बिणीतला टाका

आमच्या पेठेत खांद्याला दोनच दुखणी ठाऊक होती. खांदा उतरायचा, नाहीतर लचकायचा. उतरला तर बसवायचा आणि लचकला तर लेप लावून गप्प राहायचं, एवढ्यावर सगळं वैद्यक संपायचं. खांदा फाटतो असं कुणी म्हणालं असतं तर पोरांनी त्याला वेड्यात काढलं असतं. शर्ट फाटतो, खांदा कसा फाटेल? आज त्याच पेठेत चहाच्या गाड्यावर कुणीतरी सहज सांगतं, ‘माझी शीर फाटलीया, फुल टिअर हाय,’ आणि शेजारचा तितक्याच सहजपणे विचारतो, ‘मागं किती सरकलीया? एमआरआय दाखीव बगू.’ मग मोबाइलवरचे काळेपांढरे फोटो या हातातून त्या हातात फिरतात. त्यातलं कुणालाच काही कळत नाही, पण मत प्रत्येकाला असतं.

मी बोलतोय ते कोल्हापूर १९६० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांतलं. राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून आणलेलं ब्राँझपदक लोकांच्या बोलण्यात अजून ताजं होतं. श्रीपती खंचनाळे १९५९ ला पहिले हिंदकेसरी झाले, पुढच्या वर्षी गणपतराव आंदळकर. घरटी एक पोरगा तालमीत धाडायचाच, अशी बऱ्याच घरांत रीत होती. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, मठाची तालीम. कुठल्याही तालमीवरून पहाटे गेलं की आत घुमणारे हुंकार रस्त्यावर ऐकू यायचे. हौद्यातल्या तांबड्या मातीत ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर मिसळलेला असायचा आणि त्या मातीचा वास अंगाला दिवसभर चिकटून राहायचा.

पैलवानाची पारख पोरं दंडावरून करायची आणि वस्ताद खांद्यावरून. जोर मारून मारून मानेपासून दंडापर्यंतचा उतार कसा भरलाय, हे वस्ताद हात न लावता सांगायचे. पण कुस्तीचे निम्मे डाव त्याच खांद्याच्या मुळावर उठलेले असतात. ढाक लावताना समोरच्याचा हात बगलेत अडकवून अख्खं अंग फिरवायचं. धोबीपछाडात त्याचा हात धरून त्याला आपल्या खांद्यावरून पलीकडे टाकायचं. पडणारा माणूस हात टेकवून स्वतःला सावरायला बघतो, आणि सगळा भार त्या टेकलेल्या हातावर येतो. कधी बारीकसा ‘कट्’ असा आवाज यायचा. तो आवाज आला की हौद्यातली बाकीची जोडही थांबायची.

मग वस्ताद यायचे. ते आधी हाताला शिवायचेच नाहीत, चेहरा बघायचे. ‘बोटं हलीव. कोपर वाकीव. आता वर घे बगू.’ एवढं झालं की निदान पक्कं. खांद्याचा गोलवा जाऊन तिथं खड्डा पडला असेल तर तो उतरला. हाडवैद्याला बोलावणं जायचं, तोही तालमीतलाच जुना गडी असायचा. बगलेत टाच देऊन हात सावकाश ओढायचा, आणि ‘खट्ट’ झालं की सगळी तालीम सुस्कारा टाकायची. पोरगा दोन मिनिटांपूर्वी पांढराफटक पडलेला, तो हसायला लागायचा. हाडवैद्याची कीर्ती अशाच क्षणांवर उभी होती आणि ती खोटी नव्हती. टाच देऊन ओढण्याची ती पद्धत ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिसच्या ग्रंथांतही सांगितलेली आहे.

गोलवा जागच्या जागी असेल आणि तरी हात वर जात नसेल तर मात्र उत्तर ठरलेलं: ‘शीर सरकलीया. पंधरा दीस दमानं घे.’ मग लेप. आंबेहळद, रक्तबोळ, तुरटी उगाळून लोखंडी पळीत गरम करायची, कुणी त्यात अंड्याचा पांढरा भाग घालायचं. लेप वाळला की कातडी ताणली जायची, वरून निर्गुडीचा पाला नाहीतर एरंडाचं पान बांधायचं. तापल्या विटेचा शेक. थोडे दिवस गेले की तेल लावून रगडा. त्या पिवळ्याजर्द खांद्याला पेठेत मान असायचा. हात गळ्यात बांधून पोरगा हिंडायला लागला की दूधकट्ट्यावर त्याला फुकट धारोष्ण दूध मिळायचं.

आता इथं स्मरणरंजनाला जरा लगाम घालतो. त्या लेपानं बरे झालेले मला पुष्कळ आठवतात, कारण ते परत हौद्यात उतरले आणि पुढची वीस वर्षं आमच्या डोळ्यांसमोर राहिले. जे बरे झाले नाहीत ते तालमीतून गेले. कुणी गावाकडं म्हशी बघायला गेला, कुणी गुऱ्हाळावर, कुणी गिरणीच्या दारावर रखवालदार झाला. ‘त्याचा हात गेला,’ एवढंच एक वाक्य मागं राहायचं. किती जणांचे हात गेले, याचा हिशोब कुठल्याच तालमीच्या वहीत नाही.

हा हिशोब नसणं फक्त आपल्याकडचं नव्हतं. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचं आखाडागृह पाहून आल्यावर शाहू महाराजांनी कुस्तीच्या खासबाग मैदानाची कल्पना मनात घेतली असं सांगतात. ते मैदान १९१२ मध्ये उभं राहिलं. जवळपास त्याच वर्षांत अमेरिकेत बोस्टनला अर्नेस्ट कॉडमन नावाचा एक शल्यविशारद माणसांच्या खांद्यातली फाटलेली कंडरा शिवत होता. पहिली शस्त्रक्रिया १९०९ ची, त्याबद्दलचा लेख १९११ चा. म्हणजे आपण ज्याला ‘शीर सरकली’ म्हणत होतो ती सरकत नाही, हाडावरून उपटून येते, हे ठाऊक असलेला माणूस पृथ्वीवर तेव्हा होता. पण कॉडमनची मला जास्त आवडणारी गोष्ट ही नव्हे. तो प्रत्येक रुग्णाच्या नावाचं कार्ड ठेवायचा आणि वर्षभरानं त्याला पुन्हा बोलावून बघायचा, की आपण जे केलं त्याचा उपयोग झाला का. सगळ्या रुग्णालयांनी असे निकाल जाहीर करावेत, असा त्याचा हट्ट होता. तो कुणालाच रुचला नाही. १९१४ मध्ये त्यानं आपलं मोठं रुग्णालय सोडलं, स्वतःचं छोटं तो आधीपासूनच चालवत होता, आणि १९११ ते १९१६ या काळात तिथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांच्या उपचारांत आपल्याकडून १२३ चुका झाल्या, हे स्वतःच छापून टाकलं. खांद्यावरचं त्याचं पुस्तक पुढं १९३४ मध्ये आलं. कोल्हापुरी भाषेत सांगायचं तर असला माणूस म्हणजे नाद खुळा.

खांद्यात नेमकं काय फाटतं हे एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलता येईल. खांद्याचा गोळा मोठा आणि त्याची खोबण उथळ. त्यामुळं तो गोळा जागेवर राहतो तो हाडांच्या बळावर नव्हे, तर पाठीच्या फऱ्यावरून निघून त्याला वरून, पुढून, मागून कवटाळणाऱ्या चार स्नायूंच्या बळावर. या स्नायूंच्या चपट्या टोकांना, म्हणजे कंडरांना, मिळून रोटेटर कफ म्हणतात. बाहेरून दिसणारा खांद्याचा भरगच्च स्नायू हात वर खेचतो. आतले चौघं गोळा खोबणीत धरून ठेवतात. दोन किंवा जास्त कंडरा तुटल्या, किंवा चीर पाच सेंटिमीटरहून मोठी झाली, की डॉक्टर तिला प्रचंड चीर म्हणतात. मग बाहेरचा स्नायू ओढतो, पण गोळा धरायला कुणी नसतं. तो सरळ वर चढतो आणि हात उचलायला गेलं की हाताऐवजी खांदाच कानाकडे जातो. असे खांदा उडवून नमस्कार करणारे म्हातारे पैलवान आम्ही लहानपणी खूप पाहिले. ती त्यांची ऐट आहे, अशी आमची समजूत होती.

या चौघांतली सगळ्यात वरची कंडरा सगळ्यात जास्त फाटते. मोटेचा नाडा जिथं चाकावर घासतो तिथंच विरतो, तशी ही कंडरा वरच्या हाडाखाली घासून झिजते, असं बरीच वर्षं मानलं गेलं. न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीअर यांनी १९७२ मध्ये वरचं हाड तासून जागा मोकळी करण्याची शस्त्रक्रिया मांडली आणि ती जगभर पसरली. पण नाड्याची ही उपमा अर्धीच खरी निघाली. कंडरा वयानं आतूनही विरते, चाक असो वा नसो. ब्रिटनमध्ये, कंडरा पूर्ण फाटलेली नव्हती अशा दुखऱ्या खांद्यांवर एक चाचणी झाली. काहींचं हाड तासलं. काहींच्या खांद्यात फक्त दुर्बीण घालून बाहेर काढली. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात निकाल छापून आला: दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही. जगात हजारो खांद्यांची हाडं तासून झाल्यावर हे कळलं. हाडवैद्याला हसणाऱ्यांनी हा निकाल एकदा वाचावा.

तालमीतली एक गोष्ट मात्र मला आता, इतक्या वर्षांनी, उलगडली. आमच्याकडं पन्नाशीतले एक पैलवान होते, सगळे त्यांना आबा म्हणायचे. त्यांचा उजवा खांदा वर्षभर ठणकत होता, रात्री त्या कुशीवर झोपता यायचं नाही. एके दिवशी पोत्याला हात घालताना दंडात काहीतरी सटकलं आणि बेंडकुळी कोपराच्या बाजूला घसरून गोळा झाली. पेठ हळहळली. पण महिनाभरात आबांचा ठणका निम्म्यावर आला, ते रात्री झोपायला लागले. श्रेय अर्थातच वस्तादांच्या लेपाला गेलं. खरी गोष्ट अशी की बेंडकुळीची एक कंडरा खांद्याच्या सांध्यातून जाते. कफ फाटलेला असला की ती आत चिमटत, सुजत राहते आणि पुष्कळदा दुखण्याचं मूळ तीच असते. ती आपोआप तुटली आणि आबा सुटले. आज शिवता न येणाऱ्या जुन्या चिरेत डॉक्टर दुर्बिणीतून ही कंडरा मुद्दाम कापतात. फ्रान्सच्या जिल वॉल्श यांनी अशा शेकडो रुग्णांचे निकाल २००५ मध्ये प्रसिद्ध केले. पाच-दहा मिनिटांचं काम, पण ठणका जातो. फाटलेलं फाटलेलंच राहतं आणि माणूस झोपायला लागतो. वस्तादांना हे कळलं असतं तर त्यांनी नक्कीच म्हटलं असतं, ‘मग मी येगळं काय सांगत हुतो?’

बायकांच्या खांद्याचं मात्र कुणी काही सांगत नव्हतं. तालमीच्या आठवणी काढताना आम्ही पुरुष एकजात हळवे होतो आणि विहिरीचं पाणी शेंदणारे, पंचगंगेच्या घाटावर गोधड्या आपटणारे, उखळात कुटणारे खांदे साफ विसरतो. माझ्या थोरल्या आत्याचा उजवा हात पंचावन्नच्या आसपास वर जाईनासा झाला. तिला ना वस्ताद, ना दूधकट्ट्यावरचं फुकट दूध. ‘वय झालं की व्हायचंच,’ एवढंच औषध. तिनं तिचं तिनंच काढलं. फडताळातला डबा डाव्या हातानं उजवा ढकलून काढायची. भिंतीला तोंड करून उभी राहायची आणि बोटं किड्यासारखी चालवत भिंतीवरून हात वर न्यायची. सकाळी अंथरुणात उताणी पडून डाव्या हातानं उजवा मनगटाशी धरून डोक्यामागं न्यायची, मग हळूहळू आधार कमी करायची. वर्ष-दीड वर्षात ती पुन्हा स्वतःची वेणी घालायला लागली.

इंग्लंडमधल्या रेडिंगच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये एक छोटा अभ्यास छापला. शिवता न येण्याजोग्या प्रचंड चिरा असलेले सतरा रुग्ण, सरासरी वय ऐंशीच्या घरात. त्यांना उताणं झोपवून, आधी चांगल्या हाताच्या आधारानं आणि मग हातात हलकं वजन देऊन हात उचलायला शिकवलं. जमायला लागलं तसं पाठीमागची उशी उंच करत त्यांना बसतं केलं. बाहेरचा भरगच्च स्नायू आतल्यांचं काम शिकतो, अशी त्यामागची कल्पना. बहुतेकांचा हात सुधारला, दुखणं कमी झालं. मी तो अभ्यास वाचला तेव्हा आत्या जाऊन बरीच वर्षं झाली होती.

सगळ्याच फाटलेल्या खांद्यांना टाका लागत नाही, ही गोष्ट एमआरआयच्या जमान्यात उलट जास्त सांगावी लागते. खांदा अजिबात दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय काढले तर काय दिसेल, हे अमेरिकेत १९९५ मध्ये पाहिलं गेलं. साठीपुढच्या निम्म्याहून जास्त लोकांच्या कंडरेत कमीअधिक चीर सापडली, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. तेव्हा अहवालात ‘टिअर’ हा शब्द दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. आमच्या लहानपणी फोटो म्हणजे एक्स-रे. त्यात हाड दिसायचं, कंडरा दिसायची नाही. ‘हाड मोडलेलं नाही’ म्हणून सोडून द्यायचे आणि खरं दुखणं निसटायचं. आता सगळं दिसतं आणि न दुखणारंही दुखणं होतं. यातलं बरं कुठलं म्हणाल तर मी आताचंच म्हणेन, पण हात तपासण्याआधी फोटो बघणारा डॉक्टर मला अजूनही पटत नाही. वस्ताद आधी चेहरा बघायचे.

हात तपासण्यात एक साधी खूण आहे. दुसऱ्यानं उचलला तर हात वर जातो, पण स्वतःला नेता येत नाही, किंवा वर नेऊन सोडला की धपकन खाली पडतो. तिथं कंडरा फाटल्याचा संशय घ्यावा. दुसऱ्यानं उचलला तरी अडतो, तो बहुधा आखडलेला खांदा. मधुमेह असलेल्यांत तो फार, आणि त्याचा उपचार वेगळा. चाळिशीनंतर खांदा उतरला आणि बसवल्यावरही हात उचलेना, तर ‘बसलाय, होईल बरा’ म्हणून थांबू नये. कंडरा फाटलेली असू शकते, नस दुखावलेली असू शकते. आमच्या तालमीतले कितीतरी ‘बसवलेले’ खांदे असेच वाया गेले असणार.

पूर्वी तालमीबाहेरचा उपाय म्हणजे थोरला दवाखाना. ज्याला आज सीपीआर म्हणतात आणि जुनी माणसं तेव्हा अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणायची. त्याहून मोठं काही असलं तर मिरज. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलवर सगळ्या दक्षिण महाराष्ट्राची श्रद्धा. ‘मिरजेला नेलंय’ म्हटलं की ऐकणारा आवाज खाली आणायचा. तिथंही हाडं, पोट, मूतखडे ही मोठी दुखणी. खांद्याच्या शिरेसाठी मिरजेला जाणारा पैलवान मी पाहिला नाही. आता कोल्हापुरातच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सीपीआर त्याला जोडलेलं आहे, आणि शहरात दुर्बिणीतून खांदा शिवणारे डॉक्टर आहेत.

तो टाका कसा घालतात हे पाहायला मिळालं तर जरूर पाहावं. पेन्सिलीएवढी दुर्बीण एका भोकातून, हत्यारं दुसऱ्यातिसऱ्यातून. खारं पाणी सोडून सांधा फुगवतात, आतलं सगळं पडद्यावर दिसतं. मागं सरकलेलं कंडरेचं टोक पकडून पुढं ओढतात आणि हाडात छोट्या खुंट्या ठोकून, त्यांच्या दोऱ्यांनी ते हाडावर बांधून टाकतात. सांध्यात दुर्बीण घालण्याची विद्या बरीचशी जपानमध्ये घडली. केन्जी ताकागी यांनी १९१८ मध्ये टोकियोत एका मृतदेहाच्या गुडघ्यात ती घालून पाहिली होती. सत्तरच्या दशकात आमच्या खांद्यांवर लेप वाळत होते तेव्हा ही विद्या गुडघ्यात रुळली होती आणि खांद्याकडं निघाली होती.

पण टाका घातला म्हणजे संपलं नाही. सुरुवातीचे सहा आठवडे हात उशीच्या पट्ट्यात. कंडरा हाडाला धरायला तीन महिने. जोर यायला सहा, कधी वर्ष. आणि मोठ्या चिरेतले टाके पुन्हा सुटतात. २००४ मध्ये अमेरिकेत लीसा गॅलात्झ आणि सहकाऱ्यांनी मोठ्या आणि प्रचंड चिरा दुर्बिणीतून शिवलेले अठरा खांदे वर्षाहून अधिक काळानं सोनोग्राफीत पाहिले, तर सतरांची कंडरा परत फाटलेली होती. गंमत अशी की त्यातले बरेच रुग्ण आपल्या खांद्यावर खूश होते. पुढं तंत्र सुधारलं, टाके दुहेरी झाले, तरी वय जास्त, चीर मोठी आणि स्नायूत चरबी भरलेली असेल तर सुटण्याची भीती राहतेच. ही चरबी हा खरा मुद्दा आहे. तुटलेल्या कंडरेमागचा स्नायू बिनकामाचा पडून राहिला की त्यात चरबी भरते, आणि मग शिवूनही तो पूर्वपदावर येत नाही. फ्रेंच डॉक्टर गुताल्ये यांनी १९९४ मध्ये तिच्या पायऱ्या लावून दिल्या. आजही डॉक्टर फोटोत आधी तेच बघतात. पंचवीस वर्षांचा पैलवान मॅटवर आपटला आणि हात एकदम पडला, तर त्याला लेप लावून सहा महिने बसवणं म्हणजे त्या स्नायूला हातानं मारणं. तिथं जुन्या तालमीचं काही एक ऐकू नये.

शिवताच येत नाही अशा खांद्यासाठी गेल्या चाळीस वर्षांत डोकी बरीच चालली. स्वित्झर्लंडचे क्रिस्टियान गेर्बर यांनी १९८८ मध्ये पाठीचा रुंद स्नायू, जोर मारणाऱ्याच्या बगलेमागं पंखासारखा दिसतो तो, सोडवून खांद्यावर आणून बांधण्याची शस्त्रक्रिया मांडली. जपानच्या तेरुहिसा मिहाता यांनी २००७ पासून मांडीतला जाड पडदा काढून खांद्याच्या गोळ्यावर छत म्हणून शिवायला सुरुवात केली. गोळा आणि वरचं हाड यांच्यामध्ये विरघळणारा फुगा ठेवण्याचीही टूम निघाली. फुगा सोपा, वीस मिनिटांचा. पण ब्रिटनमधल्या चाचणीत, २०२२ साली, फुगा घातलेल्यांपेक्षा नुसती साफसफाई केलेल्यांचेच खांदे जरा बरे निघाले. फुगा फुटला, असं आमच्या पेठेत म्हटलं असतं.

सगळ्यात धाडसी कल्पना फ्रान्समधल्या दिजोंच्या पॉल ग्रामों यांची, १९८५ ची. त्यांनी खांदाच उलटा केला. जिथं खोबण तिथं धातूचा गोळा, जिथं गोळा तिथं खोबण. त्यामुळं आतले चौघं नसले तरी बाहेरचा एकटा स्नायू हात वर नेऊ शकतो. अमेरिकेत परवानगी मिळायला २००३-०४ उजाडलं, आता तो जगभर बसतो. वर्षानुवर्षं खांदा उडवून नमस्कार करणारी सत्तरीतली माणसं काही महिन्यांत डोक्यावर हात नेतात, हे खरं आहे. पण हात पाठीमागं वळायला त्रास होतो. पोलक्याचे हुक, लुगड्याचा खोचा जमेलच असं नाही. जंतुसंसर्ग, सांधा निखळणं, वरच्या हाडाला तडा, हे धोके आहेत. वजनदार पोती उचलायची नाहीत. तरुणांना, ज्यांना अजून तीस-चाळीस वर्षं हात चालवायचाय, त्यांना तो शक्यतो देत नाहीत. आमच्या आबांना तो मिळाला असता तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी जोर मारून बघितले असते आणि डॉक्टरच हाय खाऊन पडला असता.

इंजेक्शनाचंही एक. स्टेरॉइडनं काही आठवडे ठणका जातो, व्यायाम सुरू करायला ती सवड उपयोगी. पण वारंवार घेतलं तर कंडरा आणखी कमकुवत होते, आणि शस्त्रक्रिया ठरलेली असताना आधीच्या काही आठवड्यांत घेतलं तर संसर्गाचा धोका वाढतो. ‘दोन इंजेक्शनं मारली की पैलवान मैदानात’ अशी एक पद्धत तालमींबाहेर अजून चालते. ती बंद व्हावी.

आता तालमींचंही रूप पालटलंय. माती आहे, मॅटही आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालीम मंडळांची नावं आज फुटबॉलच्या मैदानावर जास्त ऐकू येतात आणि कट्ट्यावर खांद्यापेक्षा गुडघ्याच्या दोरीची चर्चा जास्त असते. व्यायामशाळेत आरशासमोर खांद्याचं पोज देणारी पोरं आहेत, ज्यांना हात वर का जातो हे माहीत नाही. आणि फिजिओथेरपी आहे, जी आमच्या वेळी नव्हती.

तिथं मात्र मला जुनं काहीतरी खरोखर हरवल्यासारखं वाटतं. टाक्यानंतरचा व्यायाम कागदावर लिहून मिळतो, मोबाइलवर व्हिडिओ येतो. पहिले दहा दिवस मन लावून होतं, मग लग्नसराई येते, ऊसतोड येते, पगारी रजा संपते. बंद झालेला व्यायाम कुणाच्या लक्षातही येत नाही. तालमीत हे शक्य नव्हतं. पहाटे पाच वाजता वस्ताद हौद्याच्या काठावर बसलेले असायचे आणि एखादा आला नाही तर त्याच्या घरी पोरगं जायचं. त्यांना कंडरेबद्दल काही माहीत नव्हतं, पण दमानं कसं चढवायचं, आज किती आणि उद्या किती, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. ज्या कोल्हापुरात गल्लोगल्ली तालीम आहे, त्या कोल्हापुरात फिजिओथेरपिस्टनं आठवड्यातून एकदा तालमीत येऊन बसावं आणि शस्त्रक्रिया झालेल्यांचा व्यायाम वस्तादाच्या नजरेखाली व्हावा, पुरुषांचा आणि बायकांचाही, याला फारसा खर्च येणार नाही.

घरात कुणाचा हात पडून, आपटून किंवा झटका बसून एकदम वर जाईनासा झाला असेल, आणि वय साठीच्या आत असेल, तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच हाडांच्या डॉक्टरला दाखवा. शिवायचं असेल तर पहिले तीन-चार महिने मोलाचे असतात. वय जास्त असेल आणि दुखणं हळूहळू आलेलं असेल तर आधी तीन-चार महिने नेटानं व्यायाम करा. पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले योजनेत आपलं दुखणं बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. आणि शस्त्रक्रिया ठरलीच तर कॉडमनचा प्रश्न विचारायला लाजू नका: वर्षानंतर माझा हात काय करू शकेल, आणि माझ्यासारख्या किती जणांना तुम्ही वर्षानंतर पुन्हा बोलावून पाहिलंय? उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. त्यात आठवडा गेला तरी खांद्याचं काही बिघडत नाही.